यूसुफभाईचं पहिलं नको

अल्लाची शप्पत घेऊन सांगते, आणि ओरडून सांगते, वरच्या मजल्यावरच्यांनाही ऐकू जाऊ दे: ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी पदरचं घातलं असेल तर माझ्या हातचं सांदण जन्मात फुगू नये, ताटात दगड होऊन बसावं. झाली शप्पत? मग आता मध्येच कुणी "असं कुठे असतं का" म्हणून तोंड उघडायचं नाही.

तर नूरीचं डोकं फिरलं होतं. फिरवलं तिच्या नवऱ्याने, यूसुफने, आणि तेही एका शब्दाने. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं "नको".

काय नको, ते सांगते.

कुवेतला अर्दियामध्ये गोदामं आहेत, त्यांच्या पाठच्या गल्लीत गफूरची मेस आहे. गफूर आपला दापोलीकडचा. त्याच्या मेसच्या लांब भिंतीवर ओळीने फोटो लावलेत. नट नाहीत, शेख नाहीत. सगळे आपले कोकणातले बाप्ये, कुणी ड्रायव्हर, कुणी टेलर, कुणी एसी दुरुस्त करणारा. हातात बॅट नाहीतर बॉल, पोटं आत ओढलेली. ही कोकण फ्रायडे लीगची मानाची भिंत. दर शुक्रवारी सकाळी सुलैबियाच्या खडीच्या मैदानात ह्यांची टेनिस बॉलची मॅच असते, आणि वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, खेळणं सोडलेल्या एका माणसाचा फोटो ह्या भिंतीवर चढतो. पहिल्या वर्षी फोटोला हार घातला होता. त्या माणसाची बायको जेवायला आली, हार बघितला आणि तिने असा गळा काढला की बाजूच्या गोदामातले हमाल धावत आले. तेव्हापासून हार बंद. आता बारक्या लाइटची माळ सोडतात.

यूसुफ ह्या लीगचा विकेटकीपर. दिवसा गोदामात स्टोअरकीपर, शुक्रवारी विकेटकीपर, नूरी म्हणायची, "आमच्याकडे फक्त राखण करायचं काम आहे." हातमोजे त्याने कधी घातले नाहीत. लोखंडी स्टंपांवर आपटून करंगळी वाकडी झाली ती झालीच. आता चहाचा कप धरला की ती एकटी बाहेर उभी राहते, मडमेसारखी. गुडघे त्या खडीतच गेले, तेव्हा खेळणं सुटलं. नमाजसुद्धा खुर्चीवर. कुणी हळहळलं तर यूसुफ म्हणायचा, "खडीने घेतलं, खडीच देईल."

काय देईल ते बोलायचा नाही. पण नूरीला माहीत होतं. मेसमध्ये जेवायला बसला की त्याची नजर भिंतीवर शेवटच्या फोटोच्या पलीकडे, मोकळ्या जागेवर जायची. घास हातात, डोळे तिकडे.

आणि आता वेळ उरली नव्हती. साठी उलटली. कंपनीने सांगितलं, चाचा, बस झालं, मार्चनंतर इकामा, इथं राहायचा परवाना, वाढणार नाही. म्हणजे कायमचं गावी. जहऱ्याच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खोके उघडे पडलेले, अर्धे भरलेले. आणि कुवेतची रीत अशी, की गेला तो गेला. माणूस एअरपोर्टला पोचायच्या आत त्याच्या खाटेवर दुसऱ्याची चादर पडते. गावी गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर चढला असं एकदासुद्धा झालेलं नाही. ह्या वर्षी नाही, तर कधीच नाही.

बरं, नाव तर येणारच होतं. सगळे धरून चालले होते. घोटाळा झाला तो रीतीचा.

आपल्यात मान घ्यायची एक रीत आहे. कुणी येऊन म्हणतं, "भाई, ह्या वर्षी तुमचा फोटो लावू या." आपण म्हणायचं, "छे छे, नको, माझं काय, दुसऱ्याला द्या." मग त्याने म्हणायचं, "असं कसं भाई!" मग आपण दुसऱ्यांदा नको म्हणायचं, जरा आवाज पाडून. मग त्याने हात धरायचा. मग आपण खाली बघायचं आणि म्हणायचं, "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तर मात्र ते खरंखुरं नको. यूसुफ कमिटीत होता, इतकी वर्षं हेच करत आला होता. लोकांचे हात धरधरून त्यानेच त्यांना भिंतीवर चढवलेलं.

पण सेक्रेटरी बदलला. नवा सेक्रेटरी अरबाज, यूसुफच्या जुन्या दोस्ताचा मुलगा. जन्म इथला, शाळा इंग्लिश, नोकरी बँकेत. पोरगा गुणी, वाकून सलाम करणारा. पण काम टकाटक. त्याने मेसेज टाकला, "चाचा, वी वॉन्ट टु नॉमिनेट यू धिस इयर. ओके?"

यूसुफने चष्मा पुसला, उशी पाठीला घेतली, आणि एका बोटाने टाइप केलं, "नको बेटा. दुसऱ्याला द्या." पाठवलं, आणि फोन मांडीवर ठेवून बसला.

उलट आला एक अंगठा. त्याच्या मागोमाग, "रिस्पेक्ट, चाचा."

आणि खल्लास.

"अंगठा?" नूरीने फोन हातात घेऊन बघितलं. "पुढचं कुठाय?"

"लिहीत असेल."

दुसऱ्या दिवशीही लिहीतच होता म्हणायचा. तिसऱ्या दिवशी यूसुफ न्हाणीतसुद्धा फोन घेऊन गेला. नूरीने खोक्यात भरायला काढलेल्या पातेल्यांचा ढीग तसाच, हा गडी गादीवर बसून फोनकडे बघतोय.

"अवो फरहीनचे अब्बा, एक फोन करा ना त्याला."

"आणि काय सांगू?"

"सांगा, हवंय म्हणून."

"मागू? गो नूरी, मान काय मागायचा असतो?"

"मग नको कशाला म्हणालात?"

"मग काय पहिल्या झटक्याला हो म्हणू? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

"तुमच्या गुडघ्यांना आता बाशिंग तरी कुठे टिकणार आहे! मी सांगते अरबाजला."

यूसुफने मान वर केली. "खबरदार. तू सांगितलंस, तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, बायको खोटं बोलते."

आता बोला! रागाने नूरीने झारा असा आपटला की त्याचा दांडा वाकला. माणसाला हवंय, रात्रंदिवस हवंय, पण तोंडाने म्हणणार नाही. आणि दुसऱ्याला म्हणू देणार नाही. एवढी वर्षं स्टंपच्या मागे उकिडवं बसून बसून माणसाची अक्कलही उकिडवी बसली होती.

पण नूरी काय गप्प बसणारी? ती बकाल्यातून कोथिंबीर आणायचं निमित्त करून, टॅक्सी करून, सरळ अर्दियाला गफूरच्या मेसमध्ये गेली. कोथिंबिरीसाठी जहऱ्याहून अर्दिया!

"गफूर," ती म्हणाली, "ती तुझ्या भिंतीवरची मोकळी जागा बघ. कशी उघडी उघडी दिसते."

गफूरने बघितलं, डोकं खाजवलं. "खरंय भाबी. कुणी बोललंच नाही इतके दिवस."

संध्याकाळी त्याने फोन केला, भाबी, काम झालं. नूरी खूश. काय झालं रे? तर त्याने त्या जागेवर कार्गोवाल्याचं कॅलेंडर टांगलं होतं, विमानाचा फोटोवालं.

मग मात्र तिला फोड करून सांगावं लागलं. "बाबा, तुमच्या यूसुफभाईंना दुसऱ्यांदा विचारायला हवं."

"पहिल्यांदा काय म्हणाले?"

"नको."

"मग बरोबरच आहे!" गफूर म्हणाला. तो आपल्यातला, त्याला लगेच कळलं. "मी विचारतो की शुक्रवारी. माफी मुश्किल, काही अडचण नाही."

शुक्रवार उजाडला. जुम्याची नमाज झाली आणि कमिटी मेसमध्ये बसली. नूरी आकणीचं, मटणभाताचं पातेलं घेऊन गेली होती; कमिटीला जेवण तिच्याच हातचं, ही जुनी वहिवाट. ती आत चुलीपाशी, पण दार उघडं. भिंत दिसत होती, नवरा दिसत होता.

कमिटीत चारजण. अरबाज, लॅपटॉप उघडून. गफूर, कारण भिंत त्याची. यूसुफ. आणि देवदत्त, साताऱ्याचा, इथल्या इस्पितळात लॅबमध्ये रक्त तपासणारा. हा लीगचा अंपायर. कोकणातल्या कुठल्याच गावाचा नाही, म्हणून कुठल्याच टीमचा नाही, म्हणून त्याला सगळे शिव्या घालतात आणि सगळे मानतात.

"सो," अरबाज म्हणाला, "ह्या वर्षी दोन नावं. ओवैस अंकल आणि कासम अंकल. यूसुफ चाचांना विचारलं होतं, ही डिक्लाइन्ड. व्हेरी ग्रेसफुल."

यूसुफने मिशीवरून हात फिरवला. आत नूरीने कांदा असा कापला की फळीला खाच पडली.

"ओवैस," देवदत्त म्हणाला. "विकेटा बघा त्याच्या. एवढ्या कुणीच काढलेल्या नाहीत."

"त्याचा हात वाकायचा," गफूर म्हणाला. "बॉलिंग नव्हती ती. पोरं आंबे पाडतात तसा दगड मारायचा."

"मग अंपायरनी नोबॉल का दिला नाही?" अरबाजने विचारलं.

सगळे देवदत्तकडे बघायला लागले. देवदत्तने पाण्याचा ग्लास उचलला. "घरी सोडायचा तो मला, गाडीने. माझी गाडी नव्हती तेव्हा."

"म्हणजे हात वाकायचा."

"थोडा. वळणावर."

ओवैस तिथेच कटला. राहिला कासम.

आता कासम म्हणजे काय चीज, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा खेडचा. कुवेतला नोकरीला कधीच नव्हता. थंडीत मोठ्या टुर्नामेंट असल्या की टीमवाले वर्गणी काढून त्याला व्हिजिट व्हिसावर आणायचे. यायचा, सिक्सा मारायचा, व्हिसा संपला की जायचा. आणि राहायचा कुठे? यूसुफकडे! नूरीने गावाहून आणलेलं सुकं बोंबील एका थंडीत ह्या एका माणसाने संपवलं होतं, आणि वर विचारलं होतं, "भाबी, सोडे नाहीत काय?"

पण मारायचा मात्र. सुलैबियाच्या मैदानाच्या कडेने भाजीचे ट्रक जातात. एकदा कासमने बॉल असा मारला की तो चालत्या ट्रकमध्ये टोमॅटोंवर जाऊन पडला. ट्रक निघाला जहऱ्याला. आता म्हणाल, मग सिक्स झाली. कशी होणार? बाउंड्रीची दोरी त्या दिवशी वाऱ्याने नेलेली. देवदत्त म्हणाला, दोरी नाही तर सिक्स नाही, आणि बॉल अजून जमिनीला लागलेला नाही, म्हणजे खेळ चालू. पळा! कासम आणि समोरचा लागले पळायला. फील्डरने पिकअप काढली आणि ट्रकच्या मागे. जहऱ्याच्या सिग्नलला त्याने ट्रक गाठला, वर चढला, बॉल घेतला, आला परत. इकडे असरची बांग होऊन गेली, धावा मोजता मोजता देवदत्तच्या हाताची बोटं संपली, त्याने बूट काढले. फील्डर ओरडतच आला, "कॅच! जमिनीला लागलाच नाही!" देवदत्तने बॉल हुंगला. म्हणाला, "टोमॅटोला लागलाय. नॉट आउट."

शप्पत घेतलीय मी. विसरू नका.

"तर कासमबद्दल वादच नाही," गफूर म्हणाला. "पण तो आपला कुठे? व्हिजिटवाला तो."

"करेक्ट," देवदत्त म्हणाला. "ज्याला सिव्हिल आयडी नाही, तो लीगचा माणूस कसा? पाहुणा तो. उद्या भिंतीवर पाहुणे चढवायचे?"

"पॉइंट आहे," अरबाजने टाइप केलं. "शिवाय ही इज नॉट हिअर. गेलेल्यांना आपण कधी लावत नाही."

ह्यावर यूसुफ तडकला. इतका वेळ गप्प बसलेला माणूस, त्याने टेबलावर हात मारला, वाकडी करंगळी आधी आपटली.

"गेलेला माणूस काय मेला? त्याच्या धावांवर कप घेतलात तेव्हा विचारलात काय, बाबा रे, तुझं बताका कार्ड दाखव? फायनलला तापाने फणफणला होता, तरी खेळला. माणूस इथून गेला की त्याचं खेळणंपण गेलं? मग इथं कोण राहणार आहे रे जन्मभर? तू? मी?"

नूरीचा हात झाऱ्यावर थांबला. हा कासमबद्दल बोलत नव्हता. हा स्वतःबद्दल बोलत होता, आणि समोरच्या तिघांत एकालाही ते कळत नव्हतं.

तिने दारातून गफूरला डोळ्याने खुणावलं. आता! आता विचार!

गफूर दचकला. बोलायचं तर होतं, पण भलत्याच वेळी आठवलं, म्हणून घाईघाईने बोलला, "ते राहू दे. आपण यूसुफभाईंनाच लावू या की! असं कसं भाई, नको म्हणता?"

यूसुफच्या तोंडावर उजेड पडला. हे दुसरं विचारणं. रीत बरोबर चालली होती. त्याने आवाज पाडला, मान तिरकी केली. "नको रे गफूर. माझं काय."

आता हात धरायचा! एवढंच राहिलं होतं. गफूर उठलासुद्धा. पण अरबाजने हात वर केला, ट्रॅफिक पोलिसासारखा.

"गफूर अंकल, प्लीज. चाचांनी दोनदा क्लिअर सांगितलंय. वी शुड नॉट प्रेशराइज."

"बरोबर," देवदत्त म्हणाला. "माणूस नको म्हणतो तेव्हा आपण त्याचा मान ठेवावा. आमच्या आईने मला तेच शिकवलं."

गफूर अर्धा उठलेला, अर्धा तसाच बसला. यूसुफ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. विमान बघत होता.

आत नूरीच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. तोंड उघडावं तर नवरा म्हणणार बायको खोटं बोलते. न उघडावं तर मार्चमध्ये विमानात हा माणूस खिडकीकडे तोंड करून बसणार, आणि गावी गेल्यावर मरेपर्यंत ऐकवणार, "विचारलं होतं मला. मीच नको म्हटलं." आणि रोज ते ऐकायचं कुणी? नूरीने!

एक सांगावंसं वाटत होतं तिला त्या तिघांना. धावा मोजतात, विकेटा मोजतात. पण कीपरच्या मागे त्या मैदानात काही नाही, सरळ रस्ता. जो बॉल सुटला तो गेलाच. जे सुटले नाहीत ते कुणी मोजले? एवढ्या वर्षांत न सुटलेले बॉल कुठल्या खात्यात मांडायचे?

पण बोलायची सोय नव्हती. तेव्हा तिने जेवण वाढलं.

आकणी वाढली, वर मटणाचे तुकडे. सगळे जेवायला लागले. अरबाजने पहिली वाढ अशी खाल्ली जशी काय बँकेत उपाशी ठेवतात. ताट रिकामं झालं, बोटं चाटली. नूरी पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. वर, अगदी वर, नळीचं हाडूक होतं, गरगरीत.

"अरबाज, घे रे बाबा, हे हाडूक तुझ्यासाठीच ठेवलंय."

"नको नको चाची, बस, पोट भरलं," अरबाज म्हणाला. आणि ताट जरासं पुढे सरकवलं.

"बरं," नूरी म्हणाली. आणि तिने ताट उचललं. हाडूक देवदत्तच्या ताटात घातलं. अरबाजचं ताट धुवायला मोरीत टाकलं, वरून नळ सोडला.

अरबाज बघतच राहिला. हात अजून हवेत, बोटांना तूप.

"चाची?"

"काय रे?"

"ताट..."

"तू नको म्हणालास ना. तुझा मान ठेवला. रिस्पेक्ट."

"पण मी... म्हणजे तसं नको नव्हतं..." अरबाज थांबला. "अम्मी तर अजून दोनदा तरी..."

तो बोलता बोलता पुरता थांबला. मोरीकडे बघितलं. नूरीकडे. मग यूसुफकडे. त्याचा चेहरा असा उतरत गेला, की नूरीला क्षणभर पोराची दयाच आली. पण क्षणभरच.

"चाचा," तो उठत म्हणाला, "तुम्हाला... म्हणजे तो मेसेज... ओ माय गॉड, चाचा."

"काय झालं?" देवदत्तने विचारलं. त्याच्या तोंडात हाडूक होतं.

अरबाज टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने यूसुफचा हात धरला. तुपाच्या हाताने, दोन्ही हातांनी. "चाचा, लावू या ना तुमचा फोटो."

बघा, काय सुंदर आलं होतं! तिसरं विचारणं, हात धरलेला, सगळे बघताहेत. आता फक्त खाली बघायचं आणि म्हणायचं, एवढं म्हणताय तर.

आणि यूसुफ म्हणाला, "नको रे."

सवय! इतके दिवस मनात घोकलेला शब्द, तोच तोंडातून सटकला. बाहेर पडल्यावर त्याचं त्यालाच कळलं. डोळे पांढरे झाले. तिसरं नको. रीतीने ते खरं. गफूरने तर कपाळालाच हात लावला.

"झालं," देवदत्त म्हणाला. "आता तरी पटलं?"

नूरीने पातेलं खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं.

"त्यांना हवंय!" ती ओरडली. "कळतं काय तुम्हाला? पहिल्या दिवसापासून हवंय! फोन उशाला घेऊन झोपतात. जेवताना भिंत बघतात, आकणीत मीठ नसलं तरी कळत नाही. खोके भरून देत नाहीत मला. हवंय, हवंय, हवंय! आता म्हणा काय ते, फरहीनचे अब्बा. म्हणा, बायको खोटं बोलते!"

बाजूच्या टेबलावरचे दोन बंगाली पोरगे खुबूसची रोटी हातात धरून थिजले.

यूसुफने बायकोकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे, अजून अरबाजच्या हातात अडकलेल्या. कान लाल झालेले.

"नाही," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत ती." मग घसा खाकरला. "हवंय मला."

एवढंच. पण त्या माणसाला ते म्हणायला जेवढा जोर लागला, तेवढ्यात सुलैबियाच्या मैदानाला चार फेऱ्या झाल्या असत्या. नूरीला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी आकणी वाढली, न विचारता.

"मग व्होट घेऊ," अरबाज म्हणाला. डोळे पुसले होते त्याने, तुपाच्याच हाताने, त्यामुळे आणखी पाणी यायला लागलं. "यूसुफ चाचा, कोण कोण?"

अरबाजचा हात वर. गफूरचा वर. देवदत्तने हाडूक खाली ठेवलं, हात वर केला. "मला कुणी सांगायचं ना आधी," तो पुटपुटला. "मला वाटलं नको म्हणजे नको."

"कासम अंकल?"

एक हात वर गेला. वाकड्या करंगळीचा.

नूरीला वाटलं पातेलं घालावं ह्याच्या डोक्यात. इतकं रामायण करून, इतकी लाज टाकून, हा गडी मत कुणाला देतो? बोंबील संपवणाऱ्याला!

"हवंय मला," यूसुफ म्हणाला, "पण कासम माझ्यापेक्षा भारी होता. हवंय ते वेगळं, आणि भारी ते वेगळं."

त्याच्या मताचं कुणी ऐकलं नाही. तिघांनी ठरवलं ते ठरलं. गफूरने कॅलेंडर उतरवलं. पुढच्या शुक्रवारी तिथे यूसुफ चढणार, लाइटच्या माळेत.

आता वाटेल, घरी जाताना तरी माणूस खूश असेल. कुठलं! सहाव्या रिंग रोडला गाडी लागली, बाहेर धूळ उठलेली, पुढचं काही दिसत नाही, आणि ह्याची गाडीत तोंडाची गाडी चालू.

"कासमला डावललं. ह्यांना क्रिकेट कळतं? व्हिजिटवाला म्हणे! बॅटला काय व्हिसा लागतो?"

"समोर बघा."

"तो देवदत्त. अंपायर म्हणवतो. आणि तो अरबाज, कासमला खेळताना बघितलाय तरी काय त्याने? पोटात होता तेव्हा."

"फरहीनचे अब्बा, तुमचा फोटो लागतोय. भिंतीवर. तुमचा."

"लागतोय गो. पण रीत म्हणून काही आहे की नाही? अन्याय तो अन्याय."

नूरीने खिडकीची काच वर केली, दुपट्टा कानावरून घेतला, आणि ठरवलं, जहरा येईपर्यंत ह्या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. तो मात्र सुलैबियाच्या फाट्यापर्यंत कासमच्या सिक्सा मोजत होता, आणि फाटा गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

बस. झालं सगळं.

हं, आता तुम्ही ट्रकाकडे बोट दाखवाल. ट्रक खरा आहे, देवदत्तला विचारा, त्याच्या बुटात अजून खडी आहे. ताट खरं, नळीचं हाडूक खरं, तिसरं नको तर पातेलं हातात धरून मीच माझ्या दोन कानांनी ऐकलेलं. एकच गोष्ट मी आपली घातली, आता सांगून टाकते, नाहीतर सांदणाची पंचाईत. कासमचं नाव पुकारलं तेव्हा एकही हात वर गेला नव्हता. वाकड्या करंगळीचा हात त्याआधीच वर होता, अरबाजने "यूसुफ चाचा" एवढं म्हणायच्या आत, सगळ्यांच्या आधी, थेट पंख्याला लागेल असा. आणि कासमवर अन्याय झाला म्हणून तो माणूस जहऱ्यापर्यंत बडबडत होता, ते मात्र अक्षर न् अक्षर तसंच.